लग्न ठरलेल्या ख्रिस्ती मुलीनं एकटीनं प्रवास करणं बायबलच्या विरुद्ध आहे का?

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं: दोन्ही घरं ख्रिस्ती, लग्न ठरलेलं, आणि वर्षातून एकदा एकटीनं कुठंतरी जाऊन यायची तुमची सवय. होणाऱ्या सासूबाई नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय काढून दाखवतात. पाळकसाहेबांनी तीताच्या पत्राचा दाखला दिला. आता तुम्हालाच शंका येऊ लागलीय की आपण वचनाच्या विरुद्ध तर वागत नाही ना.

नाही, वागत नाही. मी नगरची, मंडळीत (चर्चमध्ये) वाढलेली, जन्मभर नर्सचं काम केलेली बाई आहे. आता नातवंडं आहेत. वचनावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच एवढं ठामपणे सांगते.

आधी पाळकसाहेबांचं बोलणं घेऊ, कारण तो दाखला खरा आहे आणि टाळून चालणार नाही. तीताच्या दुसऱ्या अध्यायात वडीलधाऱ्या बायकांनी तरुण बायकांना काय शिकवावं ते सांगितलंय, आणि त्यात घरचं काम पाहणं आहे. पण हे पत्र क्रेत बेटावरच्या मंडळ्यांसाठी आहे. त्याच्या पहिल्याच अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल सांगतो की तिथं काही जण पैशाच्या लोभानं नको ते शिकवून घरंच्या घरं बिघडवताहेत. ती घरं सावरायची होती. आता हाच पौल रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायात काय लिहितो ते बघा. करिंथच्या बंदराचं गाव किंख्रिया. तिथल्या मंडळीची सेविका फिबी रोमला येतेय, तिचं नीट स्वागत करा, तिला लागेल ती मदत करा, असं तो सांगतो. तिच्याबरोबर नवरा होता की भाऊ, याचा शब्दही नाही. रोमकरांचं पत्र तिनंच नेलं असं बहुतेक अभ्यासक मानतात. ज्या पत्रावर आपले पाळक वर्षभर उपदेश करतात, ते एका बाईच्या सामानातून समुद्रापार गेलं. पाळकसाहेबांपुढं हा अध्याय नम्रपणे ठेवा. ते विचारी असतील तर नक्की थांबून वाचतील.

सासूबाईंचा अध्याय तर मला फार आवडतो. लग्नात तो वाचतात, कुणी म्हातारी बाई देवाघरी गेली की तेव्हाही वाचतात. पण वाचणारे निवडून वाचतात. ती पहाटे उठते, घरच्यांना खाऊ घालते, तिचा दिवा रात्री विझत नाही, एवढंच कानावर पडतं. त्याच अध्यायात ती व्यापाऱ्यांच्या गलबतांसारखी दुरून अन्नसामग्री आणते. शेत बघून स्वतः विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, तागाची वस्त्रं विणून विकते. आणि तिचा नवरा तिच्यावर भरवसा ठेवतो, हे तर सुरुवातीलाच येतं. आणखी एक गोष्ट आहे, जी मी एकाही उपदेशात ऐकली नाही: त्या बाईच्या घरात दासी आहेत. पंधराव्या वचनात ती त्यांना काम नेमून देते. म्हणजे तिचं सगळं कर्तृत्व इतर बायकांच्या हातांवर उभं आहे. आपल्या घरांत दासी नाहीत, तरी सुनेनं त्या अध्यायातल्या बाईइतकं सगळं करावं, तेही घरातल्या घरात, अशी अपेक्षा असते. हा त्या अध्यायावरही अन्याय आहे.

आणि तुमचं लग्न ठरलंय म्हणून मुद्दाम सांगते, लूकच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय वाचा. येशूची आई मरीया, तिचंही तेव्हा लग्न ठरलेलंच होतं. देवदूत येऊन गेला आणि ती उठून घाईनं यहूदाच्या डोंगराळ भागात आपल्या नात्यातल्या अलीशिबेकडं गेली. नासरेथहून ते अंतर शंभर किलोमीटरच्या वर भरतं. सोबत कोण होतं ते लूक लिहीत नाही. होणाऱ्या नवऱ्याला, योसेफाला विचारलं का, तेही लिहीत नाही. तीन महिने ती तिथं राहिली, आणि जे गीत आपण प्रभूच्या आईचं म्हणून गातो, ते या प्रवासाच्या शेवटी अलीशिबेच्या दारात तिच्या तोंडून निघालं. पुढं आठव्या अध्यायात येशूबरोबर गावोगाव फिरणाऱ्या बायका आहेत: मग्दालिया मरीया, सुसान्ना, आणि हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको योहान्ना. एवढ्या मोठ्या घरची सून रस्त्यावर उतरली आणि स्वतःच्या पैशातून शिष्यांचा खर्च चालवू लागली. प्रभूनं तिला घरी परत जा म्हटलेलं नाही.

आपल्या मराठी मंडळीतही हे काही नवीन नाही. माझी आजी बायबलबाई होती. वडाळ्याच्या बाजूच्या गावांत दोघी-दोघींनी पायी फिरायचं, वाडीवस्तीवर बायकांना गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, मुक्काम पडेल तिथं राहायचं. त्यांच्यामागं घरी मुलं होतीच. आईला लहानपणीच बोर्डिंगात घातलं. आमच्याकडच्या किती मुली अशा खेड्यातून निघून नगरच्या, मग मिरजेच्या, जालन्याच्या मिशन दवाखान्यांपर्यंत पोचल्या! मीही मिरजेला वॉनलेसांच्या दवाखान्यात शिकले. डॉ. वॉनलेस यांनी तो १८९४ मध्ये सुरू केला.

नगरहून मिरजेला महाराष्ट्र एक्सप्रेसनं जाताना दौंडच्या पुढं केडगाव लागतं, पंडिता रमाबाईंचं. (नगरला लागून आहे ते केडगाव वेगळं.) रमाबाईंबद्दल लोकांचा समज असा की ख्रिस्ती झाल्यावर त्या मोकळ्या झाल्या आणि परदेशी गेल्या. तसं नाही. त्या जन्मापासून वाटेवरच होत्या. १८५८चा त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला, आणि पुढं सगळं कुटुंब पुराण सांगत तीर्थामागून तीर्थ पायी हिंडलं. दुष्काळात आई, वडील, बहीण गेली. रमाबाई भावाबरोबर चालत राहिल्या आणि १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या. १८८२ मध्ये नवरा वारला तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा तान्ही होती. पुढच्याच वर्षी त्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या आणि तिथं वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेला गेल्या, आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. या सगळ्यात आई आणि लेक काही काळ वेगळ्या राहिल्या. मुलीला कसं वाढवायचं यावरून वाँटेजच्या भगिनींशी त्यांचे मतभेदही झाले. हे मी लपवून ठेवणार नाही, कारण प्रवासाची किंमत घर मोजतंच. पण मोठी झाल्यावर तीच मनोरमा केडगावच्या मुक्ती मिशनच्या कामात आईबरोबर उभी राहिली. ही बाई कुटुंब सोडून गेली असं मला कधीच वाटलं नाही. ती कुटुंब बरोबर घेऊन गेली, आणि केडगावला दुष्काळातल्या हजारो मुलीबायकांची आई झाली.

आता माझं सांगते, म्हणजे खरी अडचण कुठं आहे ते कळेल.

नव्वदच्या दशकात मी मस्कतला नोकरीला गेले. धाकटा शाळेतही जात नव्हता. नवऱ्याच्या पगारात घर होत नव्हतं, आणि तिकडं नर्सला चांगला पगार होता. तेव्हा कुणी मला नीतिसूत्रं दाखवली नाहीत. उलट मंडळीत माझ्यासाठी उभं राहून प्रार्थना झाली, महिला मंडळानं निरोप दिला. तिकडं शुक्रवारी सुट्टी, म्हणून उपासना शुक्रवारी. मग आम्ही काही मराठी घरं एकत्र जमायचो आणि आपली गीतं म्हणायचो. कुणी गावी निघालं की मी कॅसेट भरून द्यायची, त्यात दावीदाच्या, योसेफाच्या गोष्टी माझ्या आवाजात. मुलगा रात्री ती लावून झोपायचा. मी परतले तेव्हा काही दिवस तो माझ्या हातून काही घेण्याआधी आजीकडं बघायचा. ते मला फार लागलं. वेळ गेला तसं सावरलं, पण तो काळ सोपा होता असं मी कुणाला सांगणार नाही.

त्या पैशांत आम्ही घरावर स्लॅब टाकला. बरीच वर्षं गेली. मस्कतच्या माझ्या मैत्रिणी बहुतेक मल्याळी होत्या. त्यांतली एक फेब्रुवारीत केरळात पंपा नदीच्या वाळूवर भरणाऱ्या मारामनच्या ख्रिस्ती सभांना ये म्हणून सारखी बोलवायची. मुलं मोठी झाल्यावर मी जायचं ठरवलं. पुण्याहून जयंती जनता एक्सप्रेस धरायची, चेंगन्नूरला उतरायचं, एकटीनं. आणि आता मात्र सगळे बोलू लागले. कशाला? कुणाबरोबर? या वयात? घरात म्हातारी माणसं असताना? ज्यांनी मला समुद्रापलीकडं पाठवताना प्रार्थना केली होती, त्यांतल्याच काही जणींनी तीताचं पत्र काढलं.

तेव्हा मला कळलं की बाईनं घराबाहेर जाण्याला कुणाची हरकत नसते. आमच्या जिल्ह्यातून आणि बीडमधूनही दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला नवराबायकोच्या जोड्या ऊसतोडीला निघतात. त्यांत आपल्या ख्रिस्ती घरांतल्या बायकाही आहेत. पोटुशी असली तरी जाते, तान्हं मूल घेऊन कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहते. तिला कुणी घरची शोभा म्हणत अडवत नाही. पोटासाठी, घरासाठी, दुसऱ्यांसाठी गेली तर चालतं. स्वतःच्या मनासाठी, देवाशी चार दिवस निवांत बोलण्यासाठी निघाली की वचनं आठवतात. ही हरकत शास्त्रातली नाही, आणि ती शास्त्राच्या नावावर खपवलेली मला सहन होत नाही.

माझ्या नवऱ्यानं मात्र एकच प्रश्न विचारला: आईला इन्सुलिन कोण देणार? हा प्रश्न मला मनापासून पटला, कारण तो खरा होता. मी त्यांना सुई द्यायला शिकवलं. पहिल्या दिवशी त्यांचा हात थरथरत होता, पण सासूबाईंनी स्वतः दंड पुढं केला. आणि मी परतले तेव्हा सगळ्यात जास्त प्रश्न सासूबाईंनीच विचारले. एवढी वाळू कशी, मांडव कसा, जेवायला काय, रात्री भीती वाटली का. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला गावोगाव गेल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘माझं सगळं जाणं पोटामागं झालं गं. मनानं कुठं गेलेच नाही.’ नामी आणि रूथ मवाबाहून बेथलेहेमला निघाल्या, त्याही अन्नाच्याच वाटेनं. सासू-सुनेचं ते नातं मला त्या दिवशी जास्त समजलं.

म्हणून तुम्हाला सांगते, होणाऱ्या सासूबाईंशी वचनांवर वाद घालत बसू नका. त्यांना एकदा विचारा की त्यांना कुठं जायचं होतं. नुसतं ऐका. कदाचित त्यांची काळजी तुमच्या सुरक्षिततेचीच असेल. तसं असेल तर राहायची सोय आधी दाखवा: मुंबई, पुणे, चेन्नई अशा मोठ्या शहरांत वायडब्ल्यूसीए या ख्रिस्ती महिला संस्थेची वसतिगृहं आहेत, आणि ओळखीच्या मंडळीतून कुणा घरी उतरता येतं. गाडीचा नंबर, पत्ता, रोजच्या फोनची वेळ घरच्यांना द्यावी. मी आजही देते. ही कुणाची परवानगी मागणं नाही, आपल्या माणसांचा जीव शांत ठेवणं आहे.

खरं बोलणं होणाऱ्या नवऱ्याशी करा, आणि ते लग्नाआधीच करा. ‘मला जाऊ द्याल का’ असं विचारू नका. मी नसेन तेव्हा स्वयंपाक कोण करेल, पुढं मूल झालं तर त्याचा ताप कोण बघेल, तुमच्या आईचं आणि माझ्या आईचं औषधपाणी कुणाकडं, आणि तुम्हाला कुठं जायचं असेल तेव्हा मी काय काय उचलायचं, हे नावानिशी ठरवा. जो मुलगा यावर नीट बसून बोलतो, त्याच्याशी लग्नानंतरही बोलता येतं. ‘बघू पुढं’ म्हणून उठून गेला तर विचार करा. लग्न मोडा असं मी म्हणत नाही, पण तारीख धरायची घाई करू नका.

आणि पासपोर्ट नसेल तर आत्ताच काढा. लग्नानंतर त्यावरचं नाव बदलणं सक्तीचं नाही, आणि तो काढायला नवऱ्याची संमती लागत नाही. पुढं लहान मुलाचा काढताना मात्र साधारणपणे आई आणि वडील दोघांची संमती मागतात, तेव्हा ते बोलणंही याच वेळी होऊन जाऊ द्या.