फ्लाइट टेस्टसाठी ब्रिटनला यायचंय? आधी पाच वर्षांचं गणित मांड

तू लिहिलंस की ऐरोलीत सिम्युलेशनची नोकरी करतोस, हेलिकॉप्टरला बाहेरून रडार बसवतात त्या चाचण्यांचं काम करायचंय आणि म्हणून पुढच्या वर्षी ब्रिटनला यायचंय. मी ठाण्यातल्या नौपाड्याचा, इथे ब्रिटनमध्ये बारा वर्षं झाली.

लष्करी रडारच्या कामाला सुरक्षा मंजुरी लागते आणि त्यासाठी सहसा आधीची पाच वर्षं ब्रिटनमध्ये राहिलेला माणूस बघतात. मला हे एका ठिकाणी मुलाखत आटोपल्यावर कळलं! तू नागरी बाजूने शीर: होइस्ट (माणसं दोरीने वर ओढायचं यंत्र), सर्चलाइट, कॅमेरे. वस्तू वेगळी, चाचणी बरीचशी तीच.

बाहेर रडारचा घुमट, म्हणजे त्याचं गोल आवरण, लटकला की त्यामागची विस्कटलेली हवा थेट शेपटीवर जाते, वजनही एका अंगाला झुकतं. पहिल्याच कामात, हवा कशी वाहते ते दिसावं म्हणून मला लोकरीचे बोटभर तुकडे शेपटीवर चिकटवायला बसवलं. आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून लोकर?" सोबतच्या हेलिकॉप्टरमधून चित्रण चाललं होतं. साठ नॉट वेगाला धागे पत्र्याला चिकटून होते, सत्तरला एका बाजूचे पिसाटल्यासारखे नाचायला लागले. वैमानिकाने वेग उतरवला, आम्ही खाली आलो आणि स्ट्रेन गेजचे (पत्र्यावर किती ताण येतो ते मोजणाऱ्या पट्ट्यांचे) आकडे घेऊन बसलो. ऐंशी नॉट त्या दिवशी नाहीच. हवेत पाऊण तास, बाकी दिवस कागद. पुढे इंजिन बंद पडल्यासारखं उतरून बघायचं, उपकरण चालू असताना होकायंत्र भरकटतं का तेही बघायचं.

मुलाखतीआधी सी किंग या ब्रिटिश नौदलाच्या हेलिकॉप्टरची गोष्ट वाच. 4 मे 1982 ला फॉकलंडच्या युद्धात 'शेफिल्ड' या ब्रिटिश युद्धनौकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळलं, तेव्हा ब्रिटिश ताफ्याकडे हवेतून लांबवर पाहणारं रडारच नव्हतं. मग 11 आठवड्यांत दोन सी किंगना सर्चवॉटर रडार बसवलं. घुमट बाजूला लटकणारा, उतरताना मागे वळवायचा. युद्ध मात्र तोवर संपलं होतं. आपल्या नौदलाच्या कामोव्ह-31 हेलिकॉप्टरमध्ये रडारचा अँटेना पोटाखाली उघडतो आणि आड येऊ नयेत म्हणून चाकं वर घेतात. जागेची अडचण एकच, तोडगे दोन. हे कागदावर काढून दाखवता आलं पाहिजे.

निघण्याआधी कुठल्यातरी व्हायब्रेशन लॅबमध्ये स्वतःच्या हाताने गेज चिकटव. नुसतं सॉफ्टवेअर येणारे इथे ढिगाने आहेत. आणि जानेवारीत रुजू होऊ नकोस. ढगांमुळे उड्डाणं रद्द होत राहतात आणि नवा माणूस हँगरमध्ये फायली लावत बसतो.