मोहर कोणती, त्याआधी पैसा कोणता

प्रश्न : मी ४४ वर्षांचा असून सांगलीत खासगी कंपनीत नोकरी करतो. राणी व्हिक्टोरियाच्या १८४१ सालच्या दोन सोन्याच्या मोहरा मला दाखवण्यात आल्या असून प्रत्येकीचा भाव ३ लाख रुपये सांगितला आहे. एकीवर सिंहाची आयाळ, ताडाची पाने आणि राणीचे केस ठसठशीत उठले आहेत, पण पृष्ठभागावर बारीक रेघा दिसतात. दुसरीची झळाळी शाबूत आहे, मात्र आयाळ सपाट आणि कानावरचे केस पुसट आहेत. वर्षाला १५ टक्के वाढ नक्की, असे विक्रेता सांगतो. मुलगी नववीत आहे. चार वर्षांनी मोहर विकून तिची फी भरेन. पैसे माझ्या विमा पॉलिसीवर साडेनऊ टक्क्यांनी कर्ज काढून उभे करणार आहे. पॉलिसीला ७ वर्षे झाली. हप्ता वर्षाला १ लाख, मुदत २० वर्षे, विमा रक्कम २० लाख. दुसरा विमा नाही. गृहकर्ज २८ लाख शिल्लक आहे. कोणती मोहर घ्यावी?

उत्तर : आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ठसा पुसट उठणे हा टाकसाळीतला दोष असतो आणि नाणे जन्मतःच तसे असते. रेघा मात्र बहुधा नंतर कोणीतरी पुसून किंवा पॉलिश करून पाडलेल्या असतात व त्या भरून येत नाहीत. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था अशा घासलेल्या नाण्याला सहसा ७० गुणांच्या मापावर आकडा देत नाहीत, ‘साफ केलेले’ असा शेरा मारतात, आणि पुढचा ग्राहक त्याच शेऱ्यावर भाव पाडतो. म्हणून सारख्याच भावात दुसरी मोहर बरी. मात्र ती एकाच दिव्याखाली तिरपी फिरवून पाहा: झळाळी सपाट आयाळीवरूनही सलग सरकत असेल तर ठसा पुसट आहे, तेवढ्याच जागी ती मंदावत असेल तर ती झीज आहे आणि ‘शाबूत’ हा शब्द विक्रेत्याचा आहे. आपल्याकडे मोहरा कडी जोडून माळेत ओवल्या जात, त्यामुळे काठावर कडीची झाळण काढल्याची खूण आहे का, तेही भिंगाने पाहावे.

आता न विचारलेल्या गोष्टीकडे वळतो, कारण खरी चूक तिथे आहे.

मोहरेचे वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात शुद्ध सोने सुमारे १०.७ ग्रॅम. तेवढ्या सोन्याला पेढीवर रोजचा भाव मिळतो. त्यावरची सगळी रक्कम हौशी ग्राहकाच्या मर्जीवर अवलंबून असते. १८४१ मध्ये सरकारी तिजोऱ्यांना मोहर १५ रुपयांना स्वीकारण्याची मुभा मिळाली होती, आणि सोने स्वस्त होऊ लागताच १८५३ पासून ती काढून घेण्यात आली. सरकारने ठरवलेला भाव जिथे बाराच वर्षे टिकला, तिथे दुकानदाराच्या तोंडी १५ टक्क्यांवर मुलीचा प्रवेश अवलंबून ठेवणे मला अजिबात मान्य नाही. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यामुळे शंभर वर्षांपेक्षा जुने नाणे खासगी व्यक्तीला देशाबाहेर विकता येत नाही, तेव्हा परदेशी लिलावांचे आकडे कोणी दाखवले तर ते आपल्या उपयोगाचे नाहीत.

तरीही विक्रेत्याचे स्वप्न खरे झाले असे धरू. ३ लाखांचे चार वर्षांत सव्वापाच लाख होतील. विकताना दुकानदाराचा नफा किंवा लिलावाचे कमिशन म्हणून २० टक्के गेले, तर हातात ४ लाख २० हजार उरतील. कर्ज मात्र व्याज साचू दिल्यास ४ लाख ३० हजार होईल आणि व्याज वेळेवर भरल्यास एकूण ४ लाख १४ हजारांना पडेल. म्हणजे सगळे मनासारखे घडूनही फीसाठी जवळजवळ काहीच उरत नाही.

याहून गंभीर बाब अशी की आपण तारण ठेवत आहात तो कुटुंबाचा एकमेव विमा आहे. उद्या आपले बरेवाईट झाले तर २० लाखांतून आधी ३ लाखांचे कर्ज वळते होईल. सात वर्षांचा बोनस ढोबळमानाने ६ लाख धरला तरी पत्नीच्या हाती २३ लाख येतील आणि समोर २८ लाखांचे गृहकर्ज असेल. वर्षाला लाख रुपये घेऊन इतके तोकडे छत्र देणारी आणि मुदतीअखेर पाच टक्क्यांच्या आसपास परतावा देणारी ही पॉलिसी ज्याने गळ्यात मारली, त्याने आपले गृहकर्ज विचारलेही नसावे.

तेव्हा प्रथम १ कोटीचा साधा टर्म विमा, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच रक्कम देणारा विमा, घ्यावा. आपल्या वयाला, तंबाखूचे व्यसन नसल्यास, हप्ता वर्षाला पंचवीस-तीस हजारांच्या आसपास बसेल. प्रकृतीची माहिती लपवू नये. तो मंजूर होऊन कागद हाती आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करावी: पुढचे हप्ते थांबतील आणि विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे ७ लाख, राहून जमलेल्या बोनससह मुदतीअखेर मिळेल. लाखाच्या हप्त्यातून नवा हप्ता जाऊन वाचलेले सत्तर हजार दरवर्षी मुदत ठेवीत टाकल्यास चार वर्षांत सव्वातीन लाखांच्या आसपास जमतील. एवढ्या जवळ आलेल्या फीसाठी शेअर बाजाराचा मोह नको.

हौस मारावी असे मी म्हणत नाही. त्याच राणीचा, त्याच वजनाचा १८४० चा चांदीचा रुपया काही हजारांत मिळतो, आणि ठसा व पृष्ठभाग यांतला फरक ओळखायला नजर त्यावरही तयार होते. तो पगारातून घ्यावा.

पॉलिसीच्या पुढच्या हप्त्याची तारीख आपण कळवलेली नाही. नवा विमा मंजूर होण्याआधी ती येणार असेल तर हा एक हप्ता मुकाट्याने भरावा. मधल्या काळात जुने छत्रही कमी होणे आपल्याला परवडणार नाही.