प्राणी एकमेकांशी कसे बोलतात? आणि आपल्याला ते काय सांगत असतील?

आवाज, वास, स्पर्श, हालचाली, सगळं वापरतात. मला सर्वात थक्क करते ती मधमाशी. ती पोळ्यावर नाचून फुलांचा पत्ता सांगते! नाचाचा कोन म्हणजे सूर्याच्या संदर्भाने दिशा, आणि पोट थरथरवत ती जितका वेळ सरळ चालते त्यावरून अंतर. ही भाषा शास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी उलगडली. त्यांना १९७३ साली नोबेल मिळालं. व्हर्वेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळी हाक देतात.

आपल्याशी तर ते बोलतातच. वाढ पूर्ण झालेली घरातली मांजरं एकमेकांशी क्वचितच म्याँव करतात, ते मुख्यतः माणसांसाठी असतं. कान मागे, शेपूट पायांत घातलेला कुत्रा सांगत असतो, ‘मी घाबरलोय, जवळ येऊ नका.’ कृपा करून तेवढं तरी ऐका.