मार्कडाउन शिकताना आधी मोकळी ओळ सांभाळा

मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच काही चिन्हे टाकून शीर्षके, याद्या, ठळक अक्षरे दाखवण्याची पद्धत. तिची सगळी चिन्हे एका बैठकीत पाठ करण्याच्या मागे लागू नका. जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा साधा मजकूर चिन्हांसकटही सहज वाचता यावा, हाच तिचा मुख्य हेतू होता. म्हणून आधी परिच्छेदांमध्ये एक ओळ मोकळी सोडण्याची सवय लावून घ्या, कारण नुसते एकदा एंटर दाबल्याने बहुतेक ठिकाणी नवा परिच्छेद होत नाही. शीर्षकासाठी ओळीच्या सुरुवातीला # द्या आणि त्यानंतर एक जागा सोडायला विसरू नका.

मराठीत लिहिणाऱ्याने मात्र ठळक आणि तिरप्या अक्षरांकडे विशेष लक्ष द्यावे. आपले प्रत्यय शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे *पुस्तक*ने असे लिहिले तर ‘पुस्तक’ तिरपे दिसते, पण _पुस्तक_ने असे अधोरेषेने लिहिले तर कॉमनमार्क या मार्कडाउनच्या प्रमाणित नियमावलीनुसार त्या रेषा तशाच छापल्या जातात. मी स्वतः कित्येक दिवस अधोरेषाच वापरत होतो आणि दोष संगणकाचा समजत होतो. तेव्हा तुम्ही पहिल्यापासून तारांकनच वापरा.

क्रमवार यादीसाठीही इंग्रजी अंकच लागतात. ‘१.’ असे देवनागरीत लिहिल्यास यादी तयार होत नाही, सगळ्या ओळी एकाच परिच्छेदात मिसळतात. तक्ते आणि तळटीपा मूळ पद्धतीत नाहीत, त्यामुळे त्या तूर्त बाजूला ठेवल्या तरी चालतील.