'इको निवास संहितेनुसार' बांधलेलं घर उन्हाळ्यात खरंच थंड राहतं का?

'इको निवास संहितेनुसार', म्हणजे घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार, ही ब्रोशरवरची ओळ वाचून सगळ्यात वरच्या मजल्यावरचा, पश्चिमेकडचा फ्लॅट घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात हेच हिशेब करते, म्हणून सांगते: इमारत पास झाली म्हणजे तुमचा फ्लॅट पास झाला असं धरून चालू नका.

2018 साली आलेल्या या संहितेत भिंती-खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा आहे. थंड हवामानाचे प्रदेश सोडले तर दर चौरस मीटरला 15 वॅट. पण ही अख्ख्या इमारतीची सरासरी. उत्तरेच्या गार भिंती पश्चिमेच्या तापलेल्या काचांना सांभाळून घेतात, तेही कागदावर. मे महिन्यात दुपारी चारला त्या काचांमागे बसणार तुम्ही.

छत या सरासरीत नाहीच. त्याची अट वेगळी: यू-व्हॅल्यू जास्तीत जास्त 1.2. आत-बाहेर एका अंशाचा फरक असताना एका चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते, तो हा आकडा. नुसत्या सहा इंची स्लॅबचा तो 4च्या आसपास जातो. आता स्लॅब वरून 60 अंशांपर्यंत तापलाय आणि खोलीत 30 आहे असं धरा. 10 चौरस मीटरच्या बेडरूममध्ये ढोबळमानाने 1200 वॅट उतरतात, म्हणजे डोक्यावर इस्त्री चालू. 1.2 गाठलं की तेच 360 वर येतं, आणि त्याला इन्सुलेशन बोर्डाचा दोन-अडीच सेंटिमीटरचा थर पुरतो. एवढ्याशा थरासाठी बिल्डर का कुरकुरतात, देव जाणे. आणि हो, वॉटरप्रूफिंग म्हणजे इन्सुलेशन नव्हे. साइटवर दोन्ही एकच असल्यासारखं सांगतात.

खिडकीचं मोजमापही बघा. किनारपट्टीसारख्या दमट-उष्ण भागात उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या 16.66 टक्के तरी लागतो. दोन पल्ल्यांची स्लायडिंग असेल तर ती निम्मीच धरतात, कारण उघडते निम्मीच.

बुकिंगच्या आधी छताचं सेक्शन ड्रॉइंग (छत उभं कापल्यासारखं आतले थर दाखवणारं) मागा आणि त्यात इन्सुलेशनचा थर, त्याची जाडी लिहिलीय का ते पाहा. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून उभ्या पट्ट्या किंवा झडपा आहेत का तेही विचारा. तिथे ऊन तिरपं येतं, छज्जा फारसा उपयोगाचा नाही, आणि पडदा लावेपर्यंत उष्णता काचेतून आत आलेली असते. ड्रॉइंग दाखवायला टाळाटाळ केली, तर मधल्या मजल्यावरचा उत्तरेकडचा फ्लॅट शिल्लक आहे का बघा.