ग्लासगोच्या २०२४ च्या जागतिक इनडोअर अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची ३००० मीटर शर्यत इतकी खास का मानतात?

कारण त्या दिवशी जिंकेल असं जिचं नाव बहुतेकांच्या तोंडी होतं, ती जिंकली नाही.

इनडोअर ट्रॅकचा फेरा फक्त २०० मीटरचा, म्हणजे ३००० मीटरला १५ फेऱ्या. वळणं तीव्र आणि बाहेरच्या बाजूने उचललेली. वळणावर कुणाला मागे टाकायचं तर बाहेरून जास्त अंतर कापावं लागतं, त्यामुळे पुढे असलेल्या धावपटूला मोठा फायदा. जागतिक इनडोअर स्पर्धेतली ही शर्यत बरेचदा संथ सुरू होते आणि शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत पेटते.

२ मार्च २०२४ ला तसं झालं नाही. इथिओपियाची गुडाफ त्सेगे म्हणजे तेव्हाची ५००० मीटरची विश्वविक्रमवीर आणि आदल्याच वर्षीची १०,००० मीटरची जगज्जेती. अमेरिकेची एल सेंट पिएर मात्र तिला शेवटपर्यंत चिकटून राहिली आणि अखेरच्या सरळ पट्ट्यात पुढे निघाली. वेळ ८:२०.८७, स्पर्धेचा नवा विक्रम! त्सेगे ८:२१.१३. फरक अवघा ०.२६ सेकंदाचा. केनियाची बीट्रिस चेपकोएच तिसरी. सरासरी काढली तर सेंट पिएरचा एकेक फेरा साधारण ३३.४ सेकंदांत झाला, तोही सलग १५ वेळा.

आणि मला सगळ्यात जास्त भिडतं ते हे: व्हरमाँटमध्ये गाईगुरांच्या गोठ्यात वाढलेली ही बाई जेमतेम वर्षभरापूर्वी आई झाली होती. बाळंतपणानंतर धावपटूची कारकीर्द संपते असं अजूनही म्हणणाऱ्यांना मी हीच शर्यत बघायला सांगते.