संरक्षण खरेदीचे नियम आणि देशी कारखानदार : वाचकांचे प्रश्न

संरक्षण सामग्रीच्या स्वदेशीकरणावर आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले असून पत्रे संक्षिप्त करून घेतली आहेत.

प्रश्न : भोसरीत माझा लहान कारखाना आहे. व्हीएमसी आणि सीएनसी लेथ या संगणकनियंत्रित यंत्रांवर आजवर केवळ वाहन उद्योगाचे जॉब वर्क केले. संरक्षण खरेदीचे नियम आता लघुउद्योगांना अनुकूल झाले आहेत असे ऐकतो. माझ्यासारख्याने सुरुवात कुठून करावी? — एक लघुउद्योजक, भोसरी

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात घ्यावी. संरक्षण खात्याची खरेदी एका नियमावलीने चालत नाही. तोफा, विमाने, पाणबुड्या यांची भांडवली खरेदी 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या संरक्षण संपादन प्रक्रियेनुसार, म्हणजे ‘डीएपी 2020’नुसार होते. सुटे भाग, दारूगोळा, दुरुस्ती आणि देखभाल यांची महसुली खरेदी मात्र ‘डीपीएम’ या वेगळ्या नियमपुस्तिकेखाली येते. वर्तमानपत्रांत चर्चा पहिलीची होते. आपल्यासारख्यांचे पोट भरण्याची शक्यता दुसरीत अधिक आहे. 2009 पासून चालत आलेल्या या पुस्तिकेची नवी आवृत्ती 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली असून तिच्याखाली होणारी वार्षिक खरेदी सुमारे 1 लाख कोटी रुपयांची आहे.

या नव्या आवृत्तीतील तीन तरतुदी आपल्या कामाच्या आहेत. एखादी वस्तू प्रथमच देशात विकसित करताना विलंब झाला, तर विकासाच्या टप्प्यात विलंबदंड लागणार नाही. नमुना तयार झाल्यानंतरही तो किमान 0.1 टक्क्यापासून सुरू होईल आणि एरवी 5 टक्क्यांच्या वर जाणार नाही. 10 टक्क्यांची मर्यादा फार मोठ्या विलंबासाठीच आहे. दुसरे म्हणजे, अशा वस्तूसाठी 5 वर्षांपर्यंत मागणीची हमी देता येईल आणि विशेष परिस्थितीत ती वाढवताही येईल. तिसरे, पूर्वीच्या आयुधनिर्माणी मंडळाकडून ‘आम्ही हे बनवू शकत नाही’ असा ना-हरकत दाखला घेतल्याखेरीज खुल्या बाजारात जाता येत नसे, ती अट रद्द झाली. माझ्या मते यांतील दुसरी तरतूद सर्वांत मोलाची आहे, कारण डाय, फिक्श्चर आणि गेज अशा त्या भागापुरत्या बनवलेल्या साधनांवर केलेला खर्च एका ऑर्डरीत कधीच वसूल होत नाही.

आता अडचणींविषयी. वाहन उद्योगात नमुना मंजूर झाला की महिन्याचे शेड्यूल येते आणि नग हजारांनी मोजले जातात. येथे तसे नाही. समजा, आपल्याला एखाद्या तोफेच्या ब्रीच यंत्रणेतील (नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या यंत्रणेतील) भाग मिळाला आणि तोफा 307 आहेत; म्हणजे भागही तेवढेच, अधिक थोडे स्पेअर, आणि तेही काही वर्षांत विभागून. त्यासाठी कच्च्या मालाच्या प्रत्येक बारचा हीट नंबर (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) धातू कारखान्याच्या चाचणी दाखल्याशी, म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेटशी जुळला पाहिजे, तो नंबर मशीनिंगनंतरही त्या नगावर राहिला पाहिजे, हीट ट्रीटमेंटचा चार्ट जपून ठेवला पाहिजे आणि गेजचे कॅलिब्रेशन तारखेत असले पाहिजे. तपासणी अधिकाऱ्याने माल नाकारण्याचे कारण बहुधा मापात सापडत नाही, ते कागदात सापडते. ज्या कारखान्यात नोंदी ठेवण्यासाठी स्वतंत्र माणूस नाही, त्याने या वाटेला जाण्यापूर्वी तो नेमावा.

म्हणून सुरुवात एखाद्या मोठ्या कंपनीचा किंवा संरक्षण क्षेत्रातील सार्वजनिक उपक्रमाचा पुरवठादार म्हणून करावी. ऑगस्ट 2020 पासून सुरू असलेल्या ‘सृजन’ पोर्टलवर आजवर आयात होणाऱ्या भागांची यादी पाहता येते. तीत आपल्या मशीनच्या आवाक्यातील भाग शोधावेत. 2006 च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला 45 दिवसांत पैसे मिळण्याचा हक्क दिला आहे, त्याचा उल्लेख करारात असू द्यावा. आणि काम घेण्यापूर्वी समोरच्याला एक प्रश्न अवश्य विचारावा, की त्याच्या हातात प्रत्यक्ष ऑर्डर आहे की केवळ ‘एओएन’. एओएन म्हणजे अमुक वस्तू लष्कराला हवी आहे, ही गरज मान्य झाल्याची मोहोर. तिच्या भरवशावर बँकेचे कर्ज काढून मशीन घेऊ नये.

प्रश्न : मी तोफखान्यातून निवृत्त झालो. स्वदेशीच्या आग्रहापायी जवानाला हत्यार उशिरा मिळते आणि कधी कमी दर्जाचेही मिळते, असे माझे मत आहे. नियम कारखानदारांसाठी बदलायचे की सैन्यासाठी? — एक निवृत्त सुभेदार, सातारा जिल्हा

सुभेदारसाहेब, आपला आक्षेप गंभीर आहे, आणि त्याला उत्तर आपल्याच शाखेतील उदाहरणाने द्यावेसे वाटते.

पुण्यातील पाषाण येथील ‘एआरडीई’ या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने भारत फोर्ज आणि टाटा यांच्यासह विकसित केलेली 155 मिलिमीटर, 52 कॅलिबरची ‘अटॅग्स’ तोफ आपल्याला परिचित असेलच. हा प्रकल्प 2012-13 च्या सुमारास सुरू झाला. 2017 मध्ये तिने सुमारे 48 किलोमीटरचा पल्ला गाठला. सप्टेंबर 2020 मध्ये पोखरण येथील चाचणीत नळी फुटली आणि काही जण जखमी झाले; त्यानंतर दोष शोधून पुन्हा चाचण्या घ्याव्या लागल्या. इथपर्यंतचा विलंब समजण्यासारखा आहे, कारण तोफेची चाचणी घाईने उरकण्याची मागणी कोणताही तोफची करणार नाही. 15 ऑगस्ट 2022 रोजी लाल किल्ल्यावरील 21 तोफांच्या सलामीत हीच तोफ वापरली गेली. मात्र तिचा खरेदी करार झाला 26 मार्च 2025 रोजी : 307 तोफा आणि त्या ओढणारी वाहने, एकूण सुमारे 6,900 कोटी रुपये. सलामीपासून करारापर्यंत अडीच वर्षांहून अधिक काळ गेला. शेवटच्या चाचण्या, मूल्यांकन, निविदा, किमतीची बोलणी आणि मंत्रिमंडळ समितीची मंजुरी यांपैकी प्रत्येक पायरी नियमाला धरून होती. पण हा काळ स्वदेशीच्या आग्रहाने खाल्ला असे म्हणता येणार नाही. परदेशी तोफेसाठीही हीच पायपीट करावी लागते. बोफोर्सचा करार 1986 चा, आणि त्यानंतर तीन दशके लष्करात नवी 155 मिलिमीटरची तोफ दाखल झाली नाही, हे आपण जवळून पाहिले असेल.

खुद्द संरक्षण मंत्रालयाला हे ठाऊक आहे. धुळ्याचे तत्कालीन खासदार डॉ. सुभाष भामरे संरक्षण राज्यमंत्री असताना त्यांनी तयार केलेल्या अंतर्गत अहवालातील माहिती 2018 मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीनुसार तीन आर्थिक वर्षांतील 144 प्रस्तावांपैकी जेमतेम 8 ते 10 टक्के ठरलेल्या मुदतीत मार्गी लागले होते. त्याआधी 2005 मध्ये डॉ. विजय केळकर समितीने लष्कराच्या पुढील 15 वर्षांच्या गरजांचा आराखडा तयार करून तो उद्योगांपुढे ठेवावा, असे सुचवले होते. तेव्हापासून स्वदेशी भागांच्या टक्केवारीचे नियम अनेकदा बदलले. वेळापत्रक पाळले नाही म्हणून कोणाला जाब द्यावा लागला, असे फारसे दिसले नाही.

आपल्या म्हणण्यातील एक भाग मात्र मला मान्य आहे. ऑगस्ट 2020 पासून आयातीवर टप्प्याटप्प्याने बंदी घालणाऱ्या पाच याद्या निघाल्या आणि त्यांत एकूण 509 वस्तू आल्या. वस्तू यादीत घातल्याने ती बनवण्याची क्षमता आपोआप येत नाही. ‘तेजस मार्क 1ए’ या लढाऊ विमानाची 83 नगांची मागणी फेब्रुवारी 2021 मध्ये नोंदवली गेली. विमानाची रचना आपली, परंतु अमेरिकेतून येणारे एफ-404 इंजिन वेळेवर आले नाही आणि इंजिनांच्या करारातील पहिले इंजिन मार्च 2025 मध्ये हाती पडले. सीमेवर तातडी असेल तेव्हा यादीला न चिकटता आपत्कालीन खरेदीचे अधिकार वापरावेत, हे योग्यच आहे आणि गलवाननंतर ते वापरलेही गेले. दर्जाच्या बाबतीत कोणतीही सवलत असू नये. देशी वस्तूलाही तीच थंडी, तेच वाळवंट आणि तीच उंची पार करावी लागली पाहिजे.

प्रश्न : ‘50 टक्के स्वदेशी’ हे प्रमाण कसे मोजतात? परदेशातून भाग आणून येथे जुळणी केली, तर ते स्वदेशी ठरते का? — एक सनदी लेखापाल, नाशिक

हे प्रमाण किमतीवर मोजले जाते, वजनावर किंवा भागांच्या संख्येवर नाही. कराराच्या मूळ किमतीतून आयात केलेल्या भागांचा खर्च, परदेशी कंपनीला दिलेले मानधन वा स्वामित्वशुल्क आणि कर वजा केल्यावर जे उरते ते स्वदेशी. पहिल्या पसंतीच्या ‘बाय इंडियन-आयडीडीएम’ (देशातच रचना, विकास आणि उत्पादन) या वर्गात रचना भारतीय असावी लागते आणि प्रमाण किमान 50 टक्के. ‘बाय इंडियन’मध्ये रचना भारतीय असेल तर 50, नसेल तर 60 टक्के. 2016 च्या प्रक्रियेत रचना भारतीय असल्यास 40 टक्के पुरत होते.

नुसती जुळणी करून 50 टक्के गाठणे अवघड आहे, परंतु दुसऱ्या-तिसऱ्या फळीतील पुरवठादाराने आणलेला आयात माल देशी म्हणून दाखवला जाण्याचा धोका राहतो. आपल्या व्यवसायबंधूंची खरी कसोटी तेथेच लागते. 2025 च्या सुरुवातीला लष्कराने सुमारे 400 मालवाहू ड्रोनची कंत्राटे त्यांतील चिनी भागांच्या कारणावरून रद्द केल्याच्या बातम्या आल्या. त्या ड्रोनच्या किमतीत चिनी भागाचा वाटा कदाचित अल्प असेल. पण उड्डाण-नियंत्रक किंवा संदेशवहनाचा भाग बाहेरचा असेल, तर उरलेले 90 टक्के देशी असूनही सैन्याच्या दृष्टीने उपयोग शून्य. किमतीवर आधारलेल्या मोजणीत ही बाब पकडली जात नाही. म्हणून टक्केवारी 50 वरून 60 करण्यापेक्षा सॉफ्टवेअर, सेन्सर, इंजिन अशा मोजक्या भागांची रचना कोणाच्या मालकीची आहे आणि ती बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे, याची तपासणी सक्तीची करावी, असे मला वाटते. डीएपीच्या फेरआढाव्यासाठी 2025 मध्ये समिती नेमली गेली. तिच्या कामातील हा सर्वांत निकडीचा विषय आहे.

प्रश्न : भद्रावतीच्या आयुधनिर्माणीत माझे वडील होते, भाऊ आजही आहे. खासगी कंपन्यांना दारूगोळ्याचे काम दिल्यावर आमच्या कारखान्यांचे काय होणार? — एक वाचक, चंद्रपूर जिल्हा

1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुधनिर्माणी मंडळाच्या 41 कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. त्यांत भद्रावतीचा कारखाना पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेला. भीती अनाठायी नाही, कारण नामनिर्देशनाने, म्हणजे निविदेशिवाय, आपोआप मिळणारे काम कमी होणार आहे. 2020 मध्ये 10 लाख हातबाँबचे 409 कोटी रुपयांचे कंत्राट नागपूरच्या खासगी कंपनीला मिळाले, तेव्हाच ही दिशा स्पष्ट झाली होती. मात्र फेब्रुवारी 2025 मध्ये पिनाक रॉकेटांसाठी सुमारे 10,147 कोटी रुपयांचे करार झाले, तेव्हा ते त्याच खासगी कंपनीत आणि म्युनिशन्स इंडियात वाटले गेले; शिवाय 2024-25 मध्ये म्युनिशन्स इंडियाची निर्यात 3,000 कोटी रुपयांच्या पुढे गेली. कारखाना बंद पडेल असे आज कोणतेही चिन्ह नाही. आपल्या भावाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मानीव प्रतिनियुक्तीचा आहे : कर्मचारी केंद्र सरकारचे राहूनच कंपनीत काम करतात आणि ही मुदत सरकार वेळोवेळी वाढवत आले आहे. कंपनीत कायमचे सामावून घेण्याचा पर्याय समोर येईल, तेव्हा निवृत्तिवेतनाच्या अटी लेखी स्वरूपात हाती आल्याखेरीज त्यांनी सही करू नये.